ज्ञानबाकाका एकच, नोंदी तीन

"अरे पोरा, मी एकटाच हाय की! तीन-तीन कवा झालो?"

काउंटरच्या पलीकडून आलेल्या या प्रश्नावर मी नुसता हसलो. बेळगाव तालुक्यातल्या एका लहान पतसंस्थेत मी तेव्हा कामाला होतो आणि जाडजूड खतावण्यांतला हिशोब संगणकात चढवणं चाललं होतं. काकांचं खरं नाव नको, ज्ञानेश्वर धरू. बचत खात्याच्या वहीत ते ज्ञानेश्वर होते. पिग्मीच्या, म्हणजे दारोदार फिरून रोज थोडे पैसे गोळा करायच्या ठेवीच्या, वहीत एजंटाने सवयीने ज्ञानबा लिहिलेलं. कर्जाच्या फाईलला इंग्रजी कागद जोडलेले आणि तिथे आमच्या सीमाभागाची खास गंमत: मराठी वळणाने हे नाव डी-एन-वाय असं सुरू होतं, कन्नड वळणाने जे-एन असं. कर्जाचा कागद कन्नड वळणाचा निघाला. संगणकाने काही विचार न करता तीन सभासद उभे केले. ठेव एकाची, पिग्मी दुसऱ्याची, कर्ज तिसऱ्याचं. तिसऱ्याला थकबाकीची नोटीस गेली, आणि पहिल्याच्या नावावर त्या थकबाकीला पुरून उरेल एवढी ठेव पडून होती.

वह्यांच्या काळात हा घोळ कधी उघड्यावर आला नाही, कारण निवृत्त झालेले हेडक्लार्क काकांना ओळखत होते. वहीत काय लिहिलंय ते त्यांना बघावंच लागत नसे. ते गेले आणि वह्या एकदम परक्या झाल्या.

संगणकाला माणूस कळत नाही, अक्षरं कळतात. मग डेटाबेस, म्हणजे संगणकातला माहितीचा साठा, उभारणारे लोक नावावर विसंबतच नाहीत. उदाहरण आपल्या स्टेशनचंच घ्या. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटक सरकारने १२ शहरांची नावं बदलली आणि बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. (बोलताना आम्ही बेळगावच म्हणतो, पण तो विषय वेगळा.) पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. रेल्वेच्या आरक्षणात मात्र स्टेशनचा कोड होता तोच राहिला, बीजीएम. नाव ही स्टेशनची एक माहिती आहे, ती बदलली तर एका जागी बदलायची. गाड्यांची वेळापत्रकं, तिकिटं हे सगळं त्या तीन अक्षरांना बांधलेलं असतं. अशा न बदलणाऱ्या खुणेला डेटाबेसच्या भाषेत प्रायमरी की म्हणतात. आपल्याकडे तिची गरज शहाण्याला सांगायला नको. कंग्राळी दोन, एक खुर्द आणि एक बुद्रुक. सुळगा दोन, म्हणून हिंडलग्याकडचा असेल तर कंसात (हिं.) लिहितात, येळ्ळूरकडचा असेल तर (ये.), आणि घाईत असेल तो कंसच विसरतो.

प्रायमरी की म्हणून दिलेला नंबरही चुकू शकतो, हे खरं. ४५९१ च्या जागी ४५१९ टाईप होतं आणि पैसे भलत्याच्या खात्यात जातात. आधारच्या १२ आकड्यांतला शेवटचा आकडा याचसाठी राखलेला आहे. तो आधीच्या ११ आकड्यांवरून ठराविक गणिताने काढतात. व्हरहूफ नावाच्या डच गणितज्ञाची ही पद्धत १९६९ मधली. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटे पडले, तर गणित जुळत नाही आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते. आमच्या सोसायटीच्या खाते क्रमांकांत असलं काही नव्हतं. असायला हवं होतं.

आता थोडं मागे जाऊ. १९६० च्या दशकात आयबीएमने अपोलो चांद्रमोहिमेच्या यानाचे असंख्य सुटे भाग सांभाळण्यासाठी एक माहितीप्रणाली बनवली. तिच्यात माहिती झाडासारखी होती: मोठ्या भागाखाली छोटा, त्याखाली आणखी छोटा. वरून खाली जायची वाट ठाऊक असेल तर काम झपाट्याने होई. पण प्रश्न उलट बाजूने आला की पंचाईत. ही तऱ्हा आपल्या जुन्या दफ्तरखान्यासारखीच. कागद कुठल्या कपाटात, कुठल्या बस्त्यात आहे हे शिपायाला माहीत, बाकीच्यांनी शिपायाची वाट बघायची.

१९७० मध्ये त्याच कंपनीतल्या एडगर कॉड या गणितज्ञाने एक निबंध छापला आणि म्हटलं, माहिती कुठे ठेवली आहे याच्याशी विचारणाऱ्याला देणंघेणंच नको. सगळी माहिती साध्या तक्त्यांत मांडा, आडव्या ओळी आणि उभे रकाने. सभासदांचा एक तक्ता, खात्यांचा एक, कर्जाचा एक. तक्ते एकमेकांना जोडायचे ते फक्त नंबराने. मग 'वडगावातले, पिग्मी चालू असलेले, कर्ज थकलेले सभासद दाखव' असा प्रश्न टाकला की शोधायची वाट यंत्रानेच काढावी. चारेक वर्षांनी असे प्रश्न मांडायची भाषाही त्याच कंपनीत तयार झाली. तिलाच आज एसक्यूएल म्हणतात. कॉडला १९८१ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला, संगणकशास्त्रातला सर्वांत मानाचा.

त्याच्या विचारातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अगदी घरगुती आहे: एक गोष्ट एकाच जागी लिहावी. आमच्याकडे सभासदाचा पत्ता तीन वह्यांत होता. माणूस शहापूर सोडून वडगावला राहायला गेला, बचत खात्याच्या वहीत पत्ता बदलला, उरलेल्या दोन वह्यांत तो अजून शहापुरातच. दोन वर्षांनी खरा पत्ता कुठला हे वह्यांवरून सांगता येत नाही. पत्ता सभासदाच्या तक्त्यात एकदाच असेल आणि खात्यांकडे नुसता सभासद क्रमांक असेल, तर हे भांडणच उरत नाही. संगणक आल्यावर सगळं सुधारतं असं मानणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, पत्ता किती ठिकाणी लिहिताय? एक्सेलच्या चार फायली म्हणजे चार वह्याच, फक्त धूळ बसत नाही.

डेटाबेसमधली दुसरी मोठी युक्ती मात्र जुन्या कारकुनांना शिकवावी लागली नाही. समजा, काकांच्या बचत खात्यातून २,००० रुपये काढून कर्जात जमा करायचे आहेत. बचतीतून रक्कम वजा झाली आणि तेवढ्यात लाईट गेली. आमच्याकडे पावसाळ्यात वीज कशी असते हे सांगत बसत नाही. पैसे बचतीत नाहीत आणि कर्जातही नाहीत! यावर उपाय असा की दोन्ही नोंदी मिळून एकच व्यवहार मानायचा, झाला तर पूर्ण, नाहीतर मुळीच नाही. आणि मूळ तक्त्याला हात लावण्याआधी काय करणार आहोत ते एका वेगळ्या फाईलमध्ये ओळीने लिहून ठेवायचं. वीज परत आली की यंत्र ती फाईल वाचतं, पुरे झालेले व्यवहार तक्त्यांत पक्के करतं, अर्धवट राहिलेले पुसून टाकतं. हे मी समजावून सांगत होतो तेव्हा आमचे एक वयस्क संचालक म्हणाले, "म्हंजे आधी किर्द, मग खतावणी. ह्यात नवीन काय?" खरंच, काही नाही. व्यवहार घडेल तसा किर्दीत, त्यावरून खात्यावार खतावणीत. किर्दीत खाडाखोड करायची नाही, चुकलं तर उलटी नोंद टाकायची. त्या वेगळ्या फाईलला लॉग म्हणतात, ती ही किर्दच.

शोधण्याच्या वेगाबद्दल थोडक्यात. नोंदी क्रमाने लावून त्यांची पायऱ्या-पायऱ्यांची सूची करतात. प्रत्येक पायरीवर १०० फाटे असतील तर तीन पायऱ्यांत १० लाख नोंदी मावतात, चार पायऱ्यांत १० कोटी. कोट्यवधींतून एक नोंद डोळ्याचं पातं लवायच्या आत येते ती यामुळे.

हे सगळं सरकारी पातळीवर बघायचं तर आपल्या शेताचा उतारा आहेच. कर्नाटकाने २००० च्या सुमारास 'भूमी' प्रकल्पात ६७ लाख शेतकऱ्यांचे सुमारे २ कोटी उतारे संगणकात आणले आणि हाताने लिहिलेला उतारा बंद केला. फेरफाराचे अर्ज आले त्या क्रमानेच निकाली काढायचे, कुणाचा अर्ज खाली दाबून ठेवता येऊ नये, अशी रचना केली. नोंद करणाऱ्याने बोटाचा ठसा देऊनच आत शिरायचं, म्हणजे कोणी काय बदललं हे मागाहून नाकारता येत नाही. पण जुन्या उताऱ्यातलं चुकलेलं नाव नव्या उताऱ्यात तितकंच सुबक छापून येतं. आणि छापील कागदावर कुणी शंका घेत नाही.

त्यात उतारा कन्नडमध्ये, आपला दाखला मराठीत, आधार कार्डावर इंग्रजीही. लोकांना वाटतं गोंधळ मराठी-कन्नडचा आहे. तसं नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक आकडा आहे. देवनागरी क म्हणजे २३२५, कन्नड क म्हणजे ३२२१, फरक ८९६. ळ ला ळ, ज ला ज, बहुतेक अक्षरांत फरक तोच, कारण भारतीय लिप्यांचे तक्ते मुद्दाम एका साच्यात आखले आहेत. ज्ञ दोन्हीकडे ज आणि ञ जोडूनच लिहितात. म्हणजे ज्ञानेश्वर कन्नडमध्ये जाऊन जवळजवळ जसाच्या तसा परत येतो (ॲ आणि ऑ वाल्या शब्दांना तिकडे घर नाही, एवढी अडचण). उच्चार दोन्हीकडे वेगळा, म्हणून फाटा फुटतो तो रोमन लिपीत. आणि नेमकी इंग्रजी स्पेलिंगं जुळवूनच माणूस तोच की दुसरा हे ठरवलं जातं! दुसरी गडबड जुन्या फॉन्टांची. युनिकोड रुळण्याआधी मराठी आणि कन्नड मजकूर ज्या फॉन्टांत टाईप होई, त्यांत खाली वेगळीच अक्षरं साठलेली असत. फॉन्ट बदलला की नावाचा चुरा.

आमच्या सोसायटीत शेवटी तीन ज्ञानेश्वरांचा एक कसा झाला? प्रोग्रॅमने फक्त संशयितांची यादी काढून दिली: नावं जवळची, गाव तेच, जन्मसाल तेच. पुढचं काम पिग्मी एजंटाने केलं. दोन रविवार ते यादी घेऊन बसले. रोज दारोदार फिरणारा माणूस, त्यांना प्रत्येक घर ठाऊक. "हा आणि हा एकच. हे दोघं बापलेक, वेगळे ठेवा." एका ठिकाणी मात्र अडले. मारुती पाटील दोन, गाव एक, वडिलांचं नाव एक, वयही सारखं. प्रोग्रॅम ठामपणे एकच म्हणत होता. एजंटाने चष्मा वर केला.

"दोघं हायत. काल दोघांकडनं पन्नास-पन्नास घेतलोय की."