दारू सोडताना बैठक कोणती धरावी?

दारू सोडायचं मनावर घेतलेला माणूस आधी औषधाचं विचारतो. औषधं आहेत आणि ती कामाचीही आहेत. पण दिवेलागणीला कुठं जायचं, कोणाजवळ बसायचं, याचं उत्तर गोळीत नसतं, ते दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीत मिळू शकतं. गावात पारावरची माणसं तीच, पानठेल्यावरची तीच. कापसाचा चुकारा हाती पडला की "चाल ना भाऊ, बसू थोडं" म्हणणारेही तेच.

वर्षानुवर्षं पिणाऱ्याचा मेंदू या सगळ्याची दारूशी गाठ मारून ठेवतो. मोहाच्या दारूचा वास, ओळखीची वाट, नेहमीच्या सोबत्याचा चेहरा, एवढ्यानं डोपामिन या ओढ लावणाऱ्या रसायनाची मेंदूतली यंत्रणा जागी होते आणि तलफ उठते. दारू थांबून कित्येक महिने झाले तरी ही गाठ टिकून असते. म्हणून सोबत बदलणं हा उपचाराचाच भाग आहे.

अमेरिकेत १९९०च्या दशकात 'प्रोजेक्ट मॅच' नावाची मोठी चाचणी झाली. त्यात १,७२६ रुग्ण होते. बाह्यरुग्ण गटाकडे तीन वर्षांनी पाहिलं, तेव्हा ज्यांच्या अवतीभवती पिणारेच जास्त होते, त्यांना 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' म्हणजे एए या, दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांच्या आधारासाठी चालवलेल्या संघटनेच्या बैठकांकडे वळवणारा उपचार दुसऱ्या एका समुपदेशनापेक्षा अधिक लागू पडलेला दिसला. आपल्या गावांसाठी मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. २०२० साली कॉक्रेन संस्थेनं २७ अभ्यास आणि १०,५६५ लोकांची माहिती एकत्र तपासली. एएशी पद्धतशीर जोडून दिलेल्यांपैकी वर्षभरानंतर शेकडा ४२ जण पूर्ण दारूमुक्त होते, इतर उपचार घेतलेल्यांपैकी ३५. रामबाण नाही, पण फुकट मिळणाऱ्या मदतीचा हा परिणाम लहान म्हणता येणार नाही.

बैठकीच्या आधी मात्र डॉक्टर. ज्याचे हात सकाळी प्यायल्याशिवाय थरथरतात, त्यानं घरच्या घरी एकदम दारू तोडू नये. दारू मेंदूतल्या गाबा या शांत करणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवते आणि ग्लुटामेट या उत्तेजक रसायनाचा दाबते. तोल राखायला मेंदू स्वतःला उलट्या दिशेनं बदलून घेतो. मग दारू अचानक थांबली की उत्तेजना मोकाट सुटते. घाम, थरकाप, पहिल्या दोन दिवसांत फिट, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम. नसलेली माणसं दिसतात, माणूस बडबडतो. घरच्यांना वाटतं, बाहेरचं झालं. त्याला मांत्रिकाकडे नेण्यात गेलेला वेळ जिवावर बेतू शकतो. थेट सरकारी दवाखाना गाठावा.

आता बैठक. जवळची बैठकच चांगली असं नाही. आपल्याच गावातली असेल तर कोण आत गेलं ते सकाळपर्यंत सगळ्यांना कळतं, आणि नव्या माणसाला तीच धास्ती असते. शेजारच्या तालुक्याची बैठक अशा वेळी बरी. पण परतीची एसटी पाहून घ्यावी. शेवटची गाडी बैठक संपण्याआधी निघत असेल तर दोन आठवड्यांत जाणं सुटतं. आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाणं होतंच, त्या दिवशीची बैठक मिळाली तर उत्तम. आणि स्टँडवरून तिथवरची वाट भट्टीवरून जात असेल, तर सुरुवातीचे काही महिने दुसरी वाट धरावी.

एएच्या बैठकीला फी नाही, नोंदणी नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. खुल्या बैठकीला घरचे लोकही बसू शकतात, बंद बैठक फक्त पिण्याची अडचण असलेल्यांची. पहिल्या दिवशी नुसतं ऐकलं तरी चालतं. बोलायला लावत असतील, उपदेश होत असेल, जुने सदस्य नव्याला दटावत असतील, तर दुसरा समूह पाहावा. एका बैठकीवरून सगळ्याच बैठकांचं मत करू नये. एएच्या बोलण्यात येणारा 'सर्वोच्च शक्ती' हा शब्द ऐकून काही जण बिचकतात. ती शक्ती कुणी गजानन महाराजांत पाहतो, कुणी समोर बसलेल्या माणसांतच. देव न मानणाऱ्यालाही तिथं जागा आहे.

बायकांची गरज थोडी वेगळी आहे. २०१३च्या एका अभ्यासात पुरुषांना बैठकांचा फायदा मुख्यतः सोबत बदलल्यामुळं झाला, तर स्त्रियांना दुःखात, चिंतेत न पिण्याचा विश्वास आल्यामुळं जास्त. सगळे पुरुषच असलेल्या खोलीत एखादी बाई असं मन कसं मोकळं करणार? तिच्यासाठी फोनवरची किंवा ऑनलाइन महिला बैठक शोधावी. नवऱ्याच्या दारूनं पिचलेल्या बाईसाठी अल-अनॉनचे समूह वेगळे असतात, आणि नवरा सोडो न सोडो, तिथं तिला जाता येतं.

पत्ता हवा असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारावं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत. आवाक्यात समूहच नसेल तर? एए १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन गावी दोन माणसांच्या बोलण्यातून सुरू झालं, एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूनं बेजार. दारू सोडायला दोन-तीन माणसं एकत्र बसली की समूह झाला, असं एए आजही मानते. समाजमंदिर, बुद्धविहार किंवा शाळेची खोली आठवड्यातून एक संध्याकाळ मागून घेतली की जागेचंही भागतं.