पंधरा वर्षांची गाडी भंगारात जात नाही

‘बारा-तेरा वर्षं जुनी गाडी घेऊ नका, पंधरा झाली की सरकार भंगारात काढतं,’ हे मी दर महिन्याला ऐकतो आणि त्यापायी लोक नव्या गाडीसाठी झेपत नसलेलं कर्ज काढतात. वाईट वाटतं.

हा समज दिल्लीहून आला. तिथल्या प्रदूषणामुळे राष्ट्रीय हरित लवादाने २०१४-१५ साली दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी घातली, ती दिल्ली परिसरापुरती. महाराष्ट्रात खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपली की आरटीओत गाडी तपासून घ्यायची, पर्यावरण कर भरायचा, आणि नोंदणी पुढची पाच वर्षं वाढते.

खर्च मात्र धरा. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली. म्हणून आरसीवरची (नोंदणी प्रमाणपत्रावरची) मुदत आधी वाचा, आणि ती जवळ आली असेल तर किमतीत तेवढी सूट मागा. वय विचारण्यापेक्षा गाडीखाली वाकून पत्रा बघा. कोकणातल्या खाऱ्या हवेत राहिलेली आठ वर्षांची गाडी खालून गंजलेली असू शकते, आणि पुण्यात नीट सर्व्हिसिंग झालेली तेरा वर्षांची गाडी ठणठणीत.