गाडी ऑइल खाते, पण कोणत्या वाटेने?

माझ्या मेव्हण्याची सात आसनी डिझेल गाडी १ लाख ४० हजार किलोमीटर चालली आणि दर बाराशे किलोमीटरला लिटरभर ऑइल मागू लागली. पहिल्या गॅरेजने "टर्बो गेला" असं सांगितलं. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. तो बदलला. दोन महिन्यांत निळा धूर, म्हणजे ऑइल जळल्याची खूण, परत सुरू. दुसऱ्या गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं, तोंडावर हवा आली, आणि लगेच निदान झालं: "बॅक कॉम्प्रेशन आहे. हाफ इंजिन करायला लागेल." म्हणजे पिस्टनच्या कडेने वायू खाली निसटतोय, आणि इंजिन उघडून पिस्टनवरच्या कड्या, म्हणजे रिंग, बदलाव्या लागतील. एवढा खर्च झाला, पुढचा समोर उभा राहिला, आणि तोवर कोणी काही मोजलंच नव्हतं. मला हे फार लागलं.

आधी प्रमाण बघू. ताशी ६० किलोमीटर वेगाने, मिनिटाला २००० फेऱ्यांवर गाडी १००० किलोमीटर गेली, तर इंजिनाच्या २० लाख फेऱ्या होतात. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला दोनदा ज्वलन होतं, म्हणजे ४० लाख ज्वलनं. एवढ्या प्रवासात लिटरभर ऑइल जळलं असेल, तर एका ज्वलनाच्या वाट्याला थेंबाचा जेमतेम दोनशेवा भाग येतो. धडधाकट इंजिनही थोडं ऑइल जाळतंच, कारण सिलिंडरच्या भिंतीवर पातळ थर ठेवल्याशिवाय रिंग टिकणार नाही. काही कंपन्या १००० किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंतचा खप चालण्यासारखा मानतात. तेव्हा "ऑइल कमी झालं" एवढ्यावरून काहीच ठरत नाही. किती किलोमीटरला किती, हा आकडा हवा.

तो काढायचा तर गाडी सपाट जागी, इंजिन गरम करून बंद केलेलं, आणि ऑइल खाली उतरायला दहा मिनिटं दिलेली. ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी पुसायची, पूर्ण आत घालायची, मग वाचायची. बहुतेक गाड्यांत पट्टीवरच्या दोन खुणांमध्ये साधारण एक लिटर मावतं. तारीख, किलोमीटर, पातळी वहीत लिहायची. ऑइल काळं दिसतंय म्हणून मात्र घाबरू नका. डिझेलची काजळी ऑइलमध्येच तरंगत ठेवणं हे त्यातल्या रसायनांचं काम आहे. नवं ऑइल काही दिवसांत काळं होतं, ते काम चोख चाललंय म्हणून.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (प्रदूषणाचे कडक नियम पाळणाऱ्या) गाड्यांत आणखी एक गुंता आहे. धुराड्यातल्या गाळणीत साठलेली काजळी जाळायला इंजिन अधूनमधून जादा डिझेल फवारतं. त्यातलं थोडं भिंतीवरून ओघळून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथे, उतरतं. एकीकडे ऑइल जळतं, दुसरीकडे डिझेल मिसळतं, आणि पट्टी सगळं ठीक असल्याचं सांगते. पातळी वाढलेली दिसली तर तीही धोक्याची खूण समजा. शिवाय ती गाळणी निळा धूर बराचसा अडवते, त्यामुळे धूर नाही म्हणजे ऑइल जळत नाही, असं या गाड्यांबाबत म्हणता येत नाही.

गळती आधी तपासावी हे वेगळं सांगायला नको. टॅपेट कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण), फिल्टरची बैठक, चेंबरचं पॅकिंग, गिअरबॉक्सच्या जोडावरचं सील. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकला की सकाळी बरंच कळतं. कूलंटच्या बाटलीत तेलकट तवंग आहे का तेही बघा. मेव्हण्याच्या गाडीचा पुठ्ठा चार रात्री कोरडा होता.

आता त्या निळ्या धुराकडे. तो कधी येतो याकडे माझं लक्ष होतं. सिग्नलला किंवा टोलनाक्याच्या रांगेत गाडी पाच-सात मिनिटं नुसती चालू राहिली की सुटताना मोठा निळा लोट, मग साफ. खंबाटकी घाटात चढाला काहीच नाही. पेट्रोल गाडी असती तर व्हॉल्व्हच्या सीलवर संशय गेला असता. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेवरची झडप, बंद असताना आत निर्वात तयार होतो आणि सीलमधून ऑइल ओढलं जातं. डिझेलमध्ये हवेची वाट सहसा अशी आवळत नाहीत, त्यामुळे ती ओढ फार कमी. मग हे ऑइल येतं कुठून?

टर्बोच्या शाफ्टला दोन टोकांना दोन पंखेदार चाकं असतात, आणि तो मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत फिरू शकतो. बेअरिंगच्या आतबाहेर ऑइलचा थर असतो आणि शाफ्ट त्यावर तरंगत फिरतो. ऑइल वरून बारीक नळीने दाबाने येतं. दोन्ही टोकांना ते अडवायला रबरी सील असेल असं वाटतं, पण एका बाजूला सातशे-आठशे अंशांचा धूर असताना रबर टिकेल कसं? तिथे पिस्टन रिंगसारखी इवलीशी धातूची कडी असते. ती घट्ट बसत नाही, फट राहतेच. ऑइल अडवतो तो दाब. टर्बो जोरात फिरताना दोन्ही चाकांच्या मागचा दाब आतल्या दाबापेक्षा जास्त असतो, म्हणून फटीतून वायू आत शिरतो आणि ऑइल बाहेर पडू शकत नाही. इंजिन नुसतं चालू असताना हा दाब नावापुरताच उरतो.

आणि ऑइल परत कसं जातं? नुसतं वजनाने. खालच्या जाड नळीतून, फेसाळलेल्या रूपात, घरंगळत चेंबरकडे. ही उंची असते जेमतेम वीतभर. आता गणित बघा. चेंबरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा सात सेंटीमीटर पाण्याइतका जादा दाब असेल, तर तो आठ सेंटीमीटर ऑइल तोलून धरतो, कारण ऑइल पाण्याहून हलकं. त्या फेसात निम्मी हवा असेल तर सोळा सेंटीमीटर. म्हणजे वीतभर उतारातला बहुतेक जोर संपलाच. ऑइल नळीत तुंबतं, शाफ्टपर्यंत चढतं, आणि इंजिन नुसतं चालू असताना कडीच्या फटीतून बाहेर पडतं. गाडी सुटली की ते जळतं. टर्बो नवा कोरा असला तरी हेच होणार!

चेंबरमध्ये दाब येतो पिस्टनच्या कडेने निसटणाऱ्या वायूमुळे. तो प्रत्येक इंजिनात थोडा असतोच, आणि ब्रीदरच्या, म्हणजे हा वायू बाहेर काढणाऱ्या डब्याच्या, वाटेने हवा आत येण्याच्या नळीत सोडलेला असतो. झाकण उघडल्यावर डिझेल इंजिन थोडं फुसफुसणारच. म्हणून तळहातावर हवा लागली एवढ्यावरून हाफ इंजिन ठरवणं मला पटत नाही.

आम्ही गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी आणली. एक टोक पट्टीच्या भोकावर घट्ट बसवलं, नळीला यू आकार देऊन त्यात पाणी भरलं, दुसरं टोक मोकळं ठेवलं. इंजिन चालू केलं. पाणी एका बाजूला खाली दबलं, दुसरीकडे चढलं. फूटपट्टीने फरक मोजला, सात सेंटीमीटर. चांगल्या इंजिनात दोन्ही पातळ्या जवळपास सारख्या राहतात, किंवा पाणी किंचित आत ओढलं जातं.

ब्रीदरचा डबा सोडवला. आत काळ्या लोण्यासारखा थर, बोट घातलं तर वाट सापडेना. ही गाडी वर्षानुवर्षं तीन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारत होती. इंजिन नीट तापायच्या आत बंद, आतली वाफ तिथेच थिजलेली, आणि ऑइल बदलायला नेहमी उशीर. नवा डबा बसवला. पुन्हा नळी लावली, तर फरक जवळपास शून्य, रेस दिल्यावरही. रिंगांमधून खूप वायू सुटत असता तर रेस दिल्यावर पाणी हललं असतं.

रिंगांना यातून संपूर्ण माफी मिळत नाही. वरच्या दोन रिंग मुख्यतः दाब धरतात, तिसरी ऑइल खरवडून खाली पाठवते. ती तिसरी कार्बनमध्ये अडकली तरी कॉम्प्रेशन उत्तम येऊ शकतं. "कॉम्प्रेशन चांगलं आहे, म्हणजे रिंग चांगल्या" हे त्यामुळे अर्धंच खरं. आणि बाजारातल्या "इंजिन न उघडता इंजिन नवं" म्हणणाऱ्या बाटल्यांबद्दल एवढंच सांगतो, की झिजलेला धातू कोणत्याही द्रवाने परत उगवत नाही. जाड ऑइल घातलं की धूर काही दिवस दबतो, आणि त्यासोबत खरी खूणही.

टर्बोतून ऑइल येत असेल तर चालढकल मात्र करू नका. डिझेल इंजिन स्वतःच्याच ऑइलवर चालू शकतं. ऑइल जास्त आत गेलं की इंजिन आपोआप रेस होतं आणि चावी फिरवली तरी थांबत नाही. गिअरची गाडी असेल तर सर्वांत वरचा गिअर टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पाडायचं. हात आत घालायचा नाही.

ब्रीदर बदलून २००० किलोमीटर झाले. पट्टीवर अर्धा लिटर कमी आहे, म्हणजे हजाराला पाव लिटर. तेवढं बहुधा रिंगांकडून जातंय आणि त्यासाठी इंजिन उघडायचं नाही असं आम्ही ठरवलं. सिग्नलवरचा निळा लोट गेला. जुना टर्बो एक्स्चेंजमध्ये गेला होता, त्यामुळे त्याचा शाफ्ट हाताने हलवून बघायचं राहून गेलं.