घोडेस्वार फिगर रंगवायला पाठवण्यापूर्वी: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

टेबलावर लढाया खेळण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या नेपोलियनकालीन घोडदळाच्या ज्या फिगर (लहान पुतळे) आमच्याकडे रंगकामासाठी येतात, त्यांपैकी बऱ्याच आधीच जोडलेल्या असतात, म्हणजे स्वार घोड्यावर आणि घोडा बेसवर पक्का चिकटवलेला असतो. आमचे काम हलके व्हावे या चांगल्या हेतूनेच ग्राहक हे करतात, परंतु हे जोड सोडवण्यातच कित्येकदा रंगकामाइतका वेळ जातो आणि ठरलेली तारीख पुढे ढकलावी लागते. म्हणून आमची आग्रहाची विनंती आहे, की २८ मिमी मापाचे (उभ्या माणसाची उंची साधारण २८ मिमी) स्वार, घोडे आणि बेस सुटे पाठवावेत.

याचे कारण फ्रेंच क्युरासिए, म्हणजे छातीवर पोलादी चिलखत घालणाऱ्या जड घोडदळातील, स्वाराकडे जवळून पाहिल्यास लगेच लक्षात येते. स्वार खोगिरावर बसला, की त्याच्या मांडीची आतली बाजू, खोगिरावरील पांढऱ्या मेंढीच्या कातड्याची रंगीत किनार, खालच्या निळ्या झुलीचा मोठा भाग आणि घोड्याचा तंग झाकला जातो. डाव्या बाजूस लोंबणारे म्यान आणि घोड्याची कूस यांच्यातील जेमतेम दोन मिलिमीटरच्या फटीत ब्रश सरळ जात नाही, आणि तिरपा घातला तर म्यानाचा पोलादी रंग घोड्याच्या अंगावर उतरतो. तो पुसून तपकिरी रंग पुन्हा द्यावा, तर झुलीची कड बिघडते.

चिकटवलेले स्वार आम्ही सोडवत नाही असे नाही. धातूची फिगर सुपरग्लूने जोडली असेल, तर ती दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवतो. थंडीने सुपरग्लू ठिसूळ होतो आणि हलका पीळ दिल्यावर जोड बहुधा सुटतो. तरीही रिकीब, तलवारीचे टोक किंवा घोड्याचा घोटा दुखावण्याची भीती राहतेच. प्लास्टिकची फिगर प्लास्टिक सिमेंटने जोडलेली असेल, तर मात्र दोन्ही भाग वितळून एकजीव झालेले असतात आणि ते सुटत नाहीत. अशा फिगर आम्ही आहेत तशाच रंगवतो आणि झाकलेल्या भागांची जबाबदारी घेत नाही. सोडवण्याचे शुल्क वेगळे आकारावे लागते, आणि ते आकारताना आम्हालाही बरे वाटत नाही.

सुटे रंगवून नंतर जोडले तर जोड कच्चा राहतो, असा आक्षेप काही अनुभवी खेळाडू घेतात. रंगावर गोंद लावला, तर तो आक्षेप खरा आहे, कारण गोंद धातूला न धरता रंगाच्या थराला धरतो आणि तो थर सोलून निघतो. यासाठी आम्ही खोगिराची बैठक आणि स्वाराची बूड हे दोन्ही पृष्ठभाग रंगविरहित ठेवतो आणि धातू उघडा करूनच जोडतो. ६ मिमीच्या फिगर जोडूनच रंगवणे योग्य, आणि १५ मिमीच्या बाबतीत आम्ही फिगर पाहून ठरवतो.

स्वार सुटे असले, की घोडे एकत्र रंगवता येतात आणि घोड्यांवर आमचा विशेष जीव आहे. कुमाईत (लालसर तपकिरी) घोड्याची आयाळ, शेपटी आणि पायांचे खालचे भाग काळे हवेत. तांबूस घोड्याची आयाळ अंगाच्याच रंगाची किंवा त्याहून फिकट असते, काळी कधीही नसते. पांढऱ्या पायाचे खूर फिकट रंगवतो. फ्रेंच रेजिमेंटमधील बिगुलवाल्यास प्रथेप्रमाणे पांढरा घोडा देतो, म्हणजे टेबलावर तो दुरूनही ओळखू येतो.

मागणी नोंदवताना नुसते ‘क्युरासिए’ न लिहिता रेजिमेंटचा क्रमांक कळवावा. १ ते ३ क्रमांकाच्या रेजिमेंटची कॉलर गर्द लाल, ४ ते ६ ची नारिंगी झाक असलेली, ७ ते ९ ची पिवळी आणि १० ते १२ ची गुलाबी असते. बेसचे मापही आपण ज्यांच्याशी खेळता त्यांना विचारून कळवावे. दोन स्वारांसाठी ५० × ५० मिमी हे माप पुष्कळांना चालते, परंतु गवत लावून झाल्यावर माप बदलणे म्हणजे सगळे काम पुन्हा करणे होय. बेसवरची जमीन लढाईनुसार करून मिळते: फेब्रुवारी १८०७ च्या आयलाऊसाठी बर्फ, जुलै १८१२ च्या सालामांकासाठी वाळलेले गवत, आणि वॉटर्लूसाठी आदल्या रात्रीच्या पावसाने भिजलेली गर्द माती. एकच सैन्य अनेक लढायांत वापरायचे असल्यास साधी हिरवी-तपकिरी जमीन घ्यावी, असे आम्ही सुचवतो.

पुढे वॉटर्लू जिंकणाऱ्या वेलस्लीने २३ सप्टेंबर १८०३ रोजी महाराष्ट्रातील असई येथे शिंद्यांच्या फौजेशी लढाई दिली. त्या लढाईतील १९ व्या लाइट ड्रॅगून्सचे (ब्रिटिश हलक्या घोडदळाची रेजिमेंट) कामही आम्ही आवडीने घेतो आणि वरील सर्व सूचना त्यासही लागू आहेत.

स्वार घोड्यावर नीट बसतो की नाही, हे गोंद न लावता अवश्य पाहावे. जोड्या ठरलेल्या असतील, तर स्वार आणि घोडा दोघांना कागदी पट्टीवर सारखाच क्रमांक बांधावा आणि ते वेगवेगळ्या झिपच्या पिशव्यांत घालावेत. मोल्ड लाइन (साच्याच्या सांध्याची फिगरवर उमटलेली रेघ) आम्ही काढून घेतो. त्याचे वेगळे शुल्क नाही. पावसाळ्यात दमट हवेमुळे फवारलेले मॅट (बिनचकाकीचे) वॉर्निश पांढरट पडण्याची शक्यता असल्याने त्या काळात आम्ही ते ब्रशने देतो आणि त्यासाठी काही दिवस अधिक मागतो. पहिल्या मागणीत एक स्वार आणि एक घोडा आधी रंगवून त्याची छायाचित्रे पाठवली जातात; आपली पसंती कळल्यावरच उरलेले पथक हाती घेतले जाते.