वासिली शुक्शिन

वासिली मकारोविच शुक्शिन (२५ जुलै १९२९ – २ ऑक्टोबर १९७४) हा सोव्हिएत काळातला डिरेक्टर, अॅक्टर आणि लेखक. रशियात आजही त्याच्याबद्दल घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. सायबेरियात अल्ताई भागात कातून नदीकाठी स्रोस्तकी नावाचं खेडं आहे, तिथला हा शेतकऱ्याचा पोरगा. १९३३ मध्ये, शेतजमिनी सामुदायिक करायच्या धामधुमीत, बापाला पकडून नेलं आणि गोळ्या घातल्या. वासिली तेव्हा चार वर्षांचाही नव्हता. आईने पोरांना आपलं माहेरचं आडनाव लावलं, नाहीतर बापाचा शिक्का जन्मभर बसला असता.

पुढे मजुरी केली, नौदलात रेडिओवर काम केलं, पोटातल्या अल्सरमुळे तिथून सुटला, मग गावातच रात्रशाळेत मास्तरकी, आणि १९५४ मध्ये पंचविशीत मॉस्कोच्या फिल्म इन्स्टिट्यूटला म्हणजे व्हीजीआयकेला अॅडमिशन. गुरू डिरेक्टर मिखाईल रोम, वर्गात पुढे मोठा डिरेक्टर झालेला तारकोव्हस्की. १९५८ मध्ये मार्लेन खुत्सियेवच्या 'दोन फ्योदोर' मध्ये मेन रोल केला, आणि १९६४ ला स्वतःचा पहिला मोठा पिक्चर काढला, एका ट्रक ड्रायव्हरची गोष्ट, त्याला व्हेनिसला बक्षीस मिळालं. गाव सोडलेला पण शहराचाही न झालेला, एक पाय काठावर नि एक होडीत असा माणूस, हाच त्याचा विषय, कथांमध्येही तेच. स्वतःबद्दलही तो हेच सांगायचा.

'कालिना क्रास्नाया' (१९७४) हे त्याचं सगळ्यात मोठं काम. कालिना म्हणजे लाल कडवट फळांचं झुडूप. जेलमधून सुटलेला चोर येगोर खेड्यात नव्याने जगू बघतो. येगोर स्वतः शुक्शिन, आणि त्याला आसरा देणारी ल्युबा म्हणजे त्याची बायको लिदिया फेदोसेयेवा. त्यात एक सीन आहे, येगोर कित्येक वर्षांनी आईच्या घरी जातो पण ओळख देत नाही, काळा चष्मा लावून गप्प बसतो, ल्युबाच म्हातारीशी बोलते. ती म्हातारी अॅक्ट्रेस नव्हती, खेड्यातलीच बाई, आणि हरवलेल्या मुलाबद्दल ती जे बोलते ते तिचं स्वतःचं दुःख होतं. बाहेर आल्यावर येगोर जमिनीवर कोसळून रडतो, आणि ते रडणं अॅक्टिंग वाटतच नाही. पिक्चर ६ कोटींहून जास्त लोकांनी पाहिला.

१७ व्या शतकातला बंडखोर कोसॅक (दक्षिण रशियातले लढवय्ये घोडेस्वार) स्तेपान राझिन याच्यावर पिक्चर काढायचं त्याने वर्षानुवर्षं मनात धरलं होतं. कादंबरी लिहून झाली, पिक्चर मात्र कधीच निघाला नाही. डिरेक्टर सर्गेई बोंदार्चुकच्या युद्धपटात काम करताना डोन नदीवरच्या 'दुनाय' बोटीत युनिट मुक्कामाला होतं, तिथेच केबिनमध्ये शुक्शिन गेला, वय ४५. त्याचं डबिंग राहिलं होतं, ते दुसऱ्याच्या आवाजात करावं लागलं. मॉस्कोत शेवटचं बघायला आलेल्या लोकांनी शवपेटीवर कालिनाच्या लाल फळांचे घोस आणून ठेवले.