तीन पत्तीची जोडी आणि होल्डेमची टॉप पेअर: रेझ आल्यावर काय करायचं

लातूर-परभणीकडे दिवाळीच्या रात्री तीन पत्ती खेळत मोठ्या झालेल्या माणसाला जोडीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. एक्क्याची जोडी आली की तो सावरून बसतो, चाल वाढवतो आणि बहुतेक वेळा डाव उचलतो. हाच माणूस गोव्यात कॅसिनोच्या छोट्या ब्लाइंडच्या (ब्लाइंड म्हणजे पानं बघण्याआधी दोघांनी सक्तीनं भरायच्या रकमा) टेक्सास होल्डेम या पोकरच्या टेबलावर बसतो. हातात एक्का-राजा, बोर्डावर, म्हणजे सगळ्यांसाठी उघडलेल्या पानांत, एक्का. समोरच्यानं रेझ केला, म्हणजे लावलेली रक्कम वाढवली, तरी तो दिवाळीतल्याच भरवशानं पैसे पुढे सरकवतो. छोट्या टेबलावर आपल्याकडच्या खेळाडूंचे सगळ्यात जास्त पैसे इथंच जातात, असं माझं ठाम मत आहे.

आधी हिशोब बघू. 52 पानांतून तीन पानांचे 22,100 वेगवेगळे हात होतात. कलर, सिक्वेन्स, प्युअर सिक्वेन्स आणि ट्रेल हे जोडीच्या वरचे सगळे हात एकत्र मोजले तर भरतात फक्त 1,916. शंभरात नऊसुद्धा नाहीत. उलट 74 टक्के हातांत साधी जोडीही नसते, म्हणून तिथं जोडीवर जोर लावणं बरोबरच आहे.

होल्डेममध्ये हातातली दोन आणि बोर्डावरची पाच, अशा सात पानांतून पाच निवडायची असतात. बोर्डावर आधी तीन पानं एकदम उघडतात (फ्लॉप), मग चौथं (टर्न), मग पाचवं (रिव्हर), आणि प्रत्येक वेळी पैसे लावता येतात. सातही पानं आली तर सर्वांत जास्त वेळा बनणारा हात म्हणजेच एक जोडी, साधारण 44 टक्के वेळा. आणि दोन जोड्या किंवा त्याहून भारी हात साधारण 39 टक्के वेळा बनतो. बोर्डावरच्या सगळ्यात मोठ्या पानाशी जुळलेली जोडी, म्हणजे टॉप पेअर, ही जोड्यांमध्ये थोरली खरी, पण शेवटी एकच जोडी. शिवाय तीन पत्तीत वाटलेली पानं शेवटपर्यंत तीच राहतात. इथं प्रत्येक नव्या पानाबरोबर समोरच्याचा हात सुधारू शकतो.

दुसरा फरक पैसे वाढवण्यातला. तीन पत्तीत बंद खेळणारा पानं न बघताच चाल देतो आणि पानं बघितलेल्याला त्याच्या दुप्पट भरावं लागतं. त्यामुळं चाल वाढली म्हणून समोर भारी पानं आहेत असं समजायचं कारण नसतं. होल्डेममध्ये रेझ करणाऱ्यानं स्वतःची दोन पानं बघितलेली असतात, बोर्डही बघितलेला असतो आणि तुम्ही लावलेली बेटही. छोट्या टेबलावरचे बहुतेक लोक कॉल करत, म्हणजे समोरच्याएवढेच पैसे भरत बसतात, रेझ क्वचित करतात. अशा माणसानं टर्नला रेझ केला तर तो खरा मानावा.

आता एक डाव जवळून बघा. ब्लाइंड 100-200. तुमच्याकडे बदाम एक्का आणि किल्वर राजा. फ्लॉपवर इस्पिक एक्का, इस्पिक नव्वी, चौकट चौकी. पॉट, म्हणजे मध्ये जमलेले पैसे, 2,000. तुम्ही 1,200 लावता, समोरचा 3,600 करतो. तुम्हाला आणखी 2,400 भरायचे आहेत आणि कॉलनंतर पॉट 9,200 होईल, म्हणजे जिंकायची शक्यता 26 टक्के असली तरी कॉल परवडतो. समोर काय असू शकतं? एक्का-नव्वीचे सहा प्रकार, एक्का-चौकीचे सहा, नव्व्यांचा सेट (हातात दोन नव्व्या, बोर्डावर तिसरी) तीन, चौक्यांचा सेट तीन. हे अठरा हात तुमच्या पुढचे. (एक्क्या-एक्क्यावर त्यानं फ्लॉपच्या आधीच रेझ केला असता, म्हणून तो धरला नाही.) पण एक्का-राणी, एक्का-गुलाम, एक्का-दश्शी यांचे मिळून चोवीस प्रकार आहेत आणि तुम्ही त्या सगळ्यांच्या पुढे आहात. इस्पिकच्या उरलेल्या अकरा पानांतून तर दोन पानांचे 55 हात होतात. सगळेच तो खेळणार नाही, पण फ्लश, म्हणजे इस्पिकची पाच पानं, लागेल या आशेवर फ्लॉपला रेझ करणारे लोक भेटतात. इथं पानं फेकायची घाई नको.

तोच डाव थोडा बदला. फ्लॉपवर तुमच्या 1,200 ला तो गुपचूप कॉल करतो. पॉट 4,400. टर्नला किल्वर दुर्री येते, कुणाच्याच फारशी कामाची नाही. तुम्ही 3,000 लावता आणि तो 9,000 करतो. आणखी 6,000 भरायचे, कॉलनंतर पॉट 22,400, म्हणजे अंक बघितले तर जवळपास तसाच, 27 टक्क्यांचा प्रश्न आहे. पण एक्का-राणीवाला इथं फक्त कॉल करतो आणि इस्पिकवालाही स्वस्तात पुढचं पान बघायला मागतो. उरतात ते अठरा हात. एक्का-नव्वीसमोर तुम्हाला वाचवायला फक्त तीन राजे, एक्का-चौकीसमोर तीन राजे आणि तीन नव्व्या, सेटसमोर काहीच नाही. सगळं मिळून शंभरात सात वेळा जिंकाल, आणि लागतात 27. कॉल परवडायचा तर त्या माणसानं अर्धवट फ्लशच्या निदान सात हातांवर टर्नला रेझ करायला हवा. तसा तो करतो का, हे त्याला तासभर खेळताना बघूनच कळतं.

तरीही हात कॉलकडे जातो, आणि त्याचं मूळ तीन पत्तीच्या 'शो'मध्ये आहे. तिथं दोघंच उरले की शोचे पैसे भरून पानं उघडता येतात आणि खर्च तिथंच संपतो. होल्डेममध्ये टर्नला 6,000 भरले तर रिव्हर बाकी असतो. समोरचा तिथं पुन्हा, आणि बहुधा आणखी मोठी, बेट लावतो. एका कॉलमध्ये पानं दिसतील असं धरून भरलेल्या पैशापाठोपाठ दुसरे तेवढेच किंवा जास्त जातात. हुरड्याच्या दिवसांत आखाड्यावर चिंचोके लावून हा खेळ शिकवला तर नवख्यांना हेच सगळ्यात जड जातं. "दाजी, एक्क्याची जोडी फेकायलाव व्हय?" असं मेहुणा विचारतोच. दाजींनी त्याला एवढंच विचारावं, "फ्लॉपला गप बसलेला माणूस आत्ताच का बोलायलाय?"

हे सगळं दोघांकडेही भरपूर चिप्स असतील तरच. समोरचा 4,000 घेऊन बसला असेल, फ्लॉपच्या आधीच त्यातले हजारेक गेले असतील आणि उरलेले तीन हजार त्यानं फ्लॉपला एकदम लावले, तर एक्का-राजा घेऊन पुढचा विचार करू नका, कॉल करा. तेवढ्या थोड्या पैशात लोक एक्का-सत्तीवरही ऑल-इन जातात. उलट फ्लॉपला चौघं असतील, तुमच्या बेटला मधल्यानं कॉल केला असेल आणि त्या दोघांवर शेवटच्यानं रेझ केला असेल, तर वरच्या टर्नच्या डावासारखंच वागावं, डाव अजून फ्लॉपवरच असला तरी. आणि एक्क्यासोबत राजाऐवजी सत्ती किंवा अठ्ठी असेल तर ते चोवीस हातही तुमच्या पुढे जातात. मग फ्लॉपचा रेझसुद्धा, तो सतत रेझ करणाऱ्यातला नसेल तर, सोडून द्यावा.