नोंग्रियाटच्या डोहांवर: सॅक भरायच्या आधी हे वाचा

मेघालयबद्दल विचारणाऱ्या बहुतेकांनी रीलवर तिथल्या नोंग्रियाट गावाकडचा तो निळाशार डोह पाहिलेला असतो आणि पहिला प्रश्न हाच, की एका दिवसात होईल का. होतं, पण आम्ही तसं नेत नाही, का ते सांगतो.

गुवाहाटी ते शिलाँग साधारण 100 किमी, तिथून सोहरा, म्हणजे आपलं भूगोलाच्या पुस्तकातलं चेरापुंजी, अजून पन्नास-पंचावन्न, मग तिर्ना गावापर्यंत गाडी. पुढे पायऱ्या, तीन हजारांच्या वर, बहुतेक सगळ्या उतरत्या. जाताना सगळे गप्पा मारत उतरतात, फक्त वाटेत तारेचे झुलते पूल आहेत तिथे जरा शांतता होते, आणि दोनेक तासात नोंग्रियाट येतं. त्याच दिवशी परत चढायचं म्हटलं की मग कळतं गुडघे काय चीज आहे ते.

गावात डबल डेकर रूट ब्रिज आहे, म्हणजे झाडाच्या मुळांचा दोन मजली पूल. रबराच्या झाडाची जिवंत मुळं सुपारीच्या पोकळ खोडांचा आधार देऊन पलीकडच्या काठावर नेतात, आणि माणसाचं वजन पेलायला अशा पुलाला 15 ते 30 वर्षं लागतात. पुलाखालीच पहिला डोह, पाय सोडून बसलात की छोटे मासे गुदगुल्या करतात. पण खरी मजा पुढे, रेनबो फॉल्सच्या वाटेवर. तास-दीड तासाची चाल, दगड, मुळं, शेवाळं, आणि मध्ये असे डोह की पुढे जावंसंच वाटत नाही. डे ट्रिपवाल्यांचं हे सगळं राहतं, कारण डिसेंबरमध्ये तिकडे साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि त्यांना वर पोचायची घाई असते. म्हणून आम्ही खाली दोन रात्री राहतो.

होमस्टे साधे आहेत, गादी, ब्लँकेट, कॉमन टॉयलेट, दाल-भात, ऑम्लेट, मॅगी. हॉटेल समजून येऊ नका.

सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेव्हाच पाणी नितळ असतं. पावसाळ्यात आम्ही नेत नाही, कितीही आग्रह केलात तरी. ऑगस्ट 1860 ते जुलै 1861 या एका वर्षात सोहऱ्यात 26,461 मिमी पाऊस पडला होता, आणि तो सगळा अशाच दऱ्यांतून खाली येतो.

पाण्याचे नियम: वरून उडी नाही, पाणी स्वच्छ दिसतं म्हणून खोली कमी वाटते आणि खाली दगड असतात. पोहता येत नसेल तर लाईफ जॅकेट घालायचंच, लाजायचं काय त्यात. साबण-शॅम्पू नाही. गावकरी नको म्हणाले तिथे उतरायचं नाही, विषय संपला.

मोठी बॅग सोहऱ्यातच ठेवा, खाली छोटी सॅक. दोन जोड कपडे, पटकन वाळणारा टॉवेल, ग्रिपवाले बूट, टॉर्च, ओआरएस. कॅश शिलाँगलाच काढून घ्या, खाली एटीएम नाही. गुडघ्याचं दुखणं असेल तर बुकिंगच्या आधी स्पष्ट सांगा, वाटेत गाडी येत नाही, चढायचं स्वतःलाच.

रविवारी बरेच गावकरी चर्चला जातात, दुकानं बंद मिळू शकतात, तेव्हा खाऊ आधीच घेऊन ठेवा. जैन जेवण हवं असेल तर निदान आठवडाभर आधी कळवा, सामान वरून पाठीवरच आणावं लागतं.